तारप्याची तारीख

त्रेपन्न सालच्या गणपतीत विद्याधर टिपणीस ज्यांच्यावर रागावले होते त्यांची यादी केली असती, तर तिच्यात विश्रांती सहनिवासाची अख्खी कार्यकारिणी, रेशनिंगच्या कचेरीतला एक अधिकारी, वरच्या मजल्यावरचा नंदकुमार खोपकर आणि मरोळच्या पुढच्या टेकडीखालचं एक भाताचं शेत एवढ्यांची नावं आली असती. माणसांवर रागावणारे पुष्कळ असतात. पण भातावर रागावलेला वरिष्ठ कारकून अंधेरीने तोवर पाहिला नव्हता.

टिपणीस फोर्टातल्या एका सरकारी खात्यात आवक-जावक सांभाळत. एकोणीस वर्षं हातात तारखेचा शिक्का. कागदावर तारीख पडली की गोष्ट झाली, तारीख नसेल तर ती गोष्ट जगात अजून आलेलीच नाही, असा त्यांचा साधा हिशेब होता. कचेरीत त्यांना सगळे ‘अहो टिपणीस’ म्हणत, साहेब ‘अहो’ही गाळत. सहनिवासात मात्र ते गणेशोत्सव मंडळाचे सेक्रेटरी होते आणि दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत झाडून सगळे त्यांना ‘सेक्रेटरीसाहेब’ म्हणत. संध्याकाळी स्टेशनवरून घरी येताना फाटकापाशी ती हाक कानावर पडली की त्यांची पाठ आपोआप ताठ होई. हे सांगून ठेवलं पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्या एका हाकेसाठी झालं.

मंडळाचे करमणुकीचे कार्यक्रम तोपर्यंत फारसे लाभले नव्हते. आदल्या वर्षीच्या नाटकात नायकापेक्षा विंगेतून सांगणाऱ्याचा आवाज स्पष्ट होता. त्याच्या आदल्या वर्षी जादूगाराचं कबूतर मखरावर जाऊन बसलं ते विसर्जनापर्यंत उतरलं नाही. त्यामुळे श्रावणातल्या बैठकीत खजिनदार चंद्रप्रकाश ठोसर यांनी, यंदा आपल्या मेव्हण्याचा वाद्यवृंद ठेवावा, अशी सूचना मांडली. ठोसरांच्या प्रत्येक सूचनेत कुठे ना कुठे मेव्हणा असे. आणि सूचनेच्या शेवटी, सेक्रेटरीपद आलटून पालटून असावं, असंही ते सहज म्हणून जात.

टिपणीस उभे राहिले. "सिनेमाची गाणी लोक रोज ऐकतात," ते म्हणाले. "इथून चार मैलांवर, आपल्या डोळ्यांसमोरच्या टेकड्यांत वारली लोक राहतात. त्यांचा तारपा आपल्यापैकी कोणी ऐकलाय? या वर्षी आपल्या आवारात तारपा वाजेल. मी शब्द देतो."

"आणि नाही वाजला तर?" ठोसरांनी विचारलं.

"नाही वाजला तर मी सेक्रेटरीपद सोडीन."

ही गर्जना हवेतली नव्हती. आदल्या रविवारी टिपणीस बाजारात गेले होते. तिथे स्टेशनच्या वाटेवर मालन नावाची एक वारली म्हातारी कंटोळी आणि रानभाजी घेऊन बसे. तिच्याशेजारी तिचा भाऊ काशीराम गवताचा भारा टेकून उभा होता. तो तारपा वाजवतो असं बोलता बोलता निघालं. टिपणिसांनी विचारलं, आमच्याकडे येऊन वाजवाल का.

"वाजवू का नाय," काशीराम म्हणाला. "नवा झाला का येतो."

टिपणिसांनी ते पूर्ण ऐकलं होतं, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. नवा म्हणजे नवा भात, हेही त्यांना कळलं होतं. पण सरकारी पत्रांच्या शेवटी ‘निधी उपलब्ध झाल्यास’ असं असतं ना, तसंच हे शेपूट असेल असं त्यांनी धरलं. त्यांनी घरी येऊन वहीत लिहिलं: ‘काशीराम, तारपा, मान्य.’ गणपतीतल्या शनिवारची तारीख टाकली. हस्तपत्रकं छापून आली. आदिवासी बंधूंचे तारपानृत्य, सायंकाळी सहा वाजता, अध्यक्ष एक निवृत्त मामलेदार. मामलेदारांचं होकाराचं पत्रही आलं आणि त्यावर टिपणिसांनी घरीच, सवयीने, आवक क्रमांक घातला.

गणपतीच्या आधीच्या रविवारी ते जरा तालीम बघून यावी म्हणून निघाले. टांगा मरोळ नाक्याला सोडला आणि पुढे दोन मैल चिखल तुडवत पाड्यावर पोचले. काशीराम ओट्यावर बसून टोपली विणत होता. वर आढ्याला तारपा टांगलेला होता. वाळवलेला लांबोडा भोपळा, त्याला खाली बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा.

"गणपतीतल्या शनिवारी सहाला," टिपणीस म्हणाले. "साडेपाचला या म्हणजे बरं."

"नवा कुठं झाला?" काशीराम म्हणाला.

"नवा होईल तेव्हा होईल हो. तुम्ही शनिवारी या."

"कसा येव? नवा देवाला दावल्याबिगर तारपा खाली काढत नाय." त्याने टोपलीतून मान वर केली. "तू बस जरा. पाणी पी."

त्या ‘तू’ने टिपणिसांच्या अंगाची लाही झाली. पाड्यावर देवालाही तूच म्हणतात, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि असतं तरी त्या क्षणी उपयोग झाला नसता. त्यांनी खिशातून हस्तपत्रक काढून काशीरामपुढे धरलं. काशीरामने ते उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं आणि कागद चांगला आहे असं सांगून आदराने परत केलं. छापील तारखेचा एवढा शांत अपमान टिपणिसांनी आयुष्यात सोसला नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी ही हकिगत फक्त पत्नीला, म्हणजे जयंतीबाईंना सांगितली. सहनिवासाच्या भिंती मुळात पातळ, त्यामुळे पुढच्या अर्ध्या तासात सल्ले यायला सुरुवात झाली. पहिला अर्थातच नंदकुमार खोपकर. ‘अरे विद्याधर’ म्हणत हा माणूस कधीही घरात शिरे आणि गच्चीवर एक गुलाब लावल्यामुळे आपल्याला शेतीतलं सगळं कळतं असं समजे.

"अरे, साधी गोष्ट आहे," खोपकर म्हणाला. "भात पिकलं की झालं ना? मग पिकव ना यार."

"मी पिकवू?"

"निदान बघून तर ये किती उरलंय. हळवं भात, म्हणजे लवकर येणारं, फार थांबत नाही रे. लोंबी दाबून बघायची. कडक लागली की झालं."

त्यानंतरचे आठ दिवस टिपणीस एक दिवसाआड भात बघायला जाऊ लागले. कधी किरकोळ रजा, कधी अर्धा दिवस. कोट, टोपी, छत्री, आणि चिखलासाठी धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. बांधावर उभं राहून ते शेताकडे अशा नजरेने बघत, जशा नजरेने उशिरा येणाऱ्या कारकुनाकडे साहेब बघतात. शेत हिरवंगार होतं आणि वाऱ्यावर मजेत डुलत होतं. त्याला शनिवारची काही फिकीर नव्हती. ही बेफिकिरी बघून तर ते अधिकच संतापत.

"घरात भात वाढू का विचारायचीसुद्धा चोरी झालीय," जयंतीबाई शेजारणीला सांगत. "पानातल्या शितांकडे डोळे वटारून बघतात."

गौरी आल्या त्या दिवशी त्यांच्या हातून गुन्हा घडला. लोंबी खोपकरला प्रत्यक्ष दाखवावी म्हणून त्यांनी एक खुडली आणि दाणा नखाने फोडला. आतून पांढरं दूध आलं. तेवढ्यात शेतातल्या मचाणावरून आवाज आला. पाखरं राखायला बसलेली मालन खाली उतरत होती.

"कच्चा खुडलास?" ती म्हणाली.

"एकच लोंबी आहे."

"एकीच्या पोटात किती दाणं असतात, मोजलंस?" तिने ती लोंबी त्यांच्या हातून घेतली आणि परत त्यांनाच दिली. "जिथून काढलीस तिथं बुडाशी मातीत ठेव. न् तिला सांग, चुकलो."

"कोणाला?"

"कणसरीला. भाताच्या आईला. आमी पन तिची पोरां. दूध पिताना पोराला वडून काढतात का?"

टिपणिसांनी चारी बाजूंना पाहिलं. दूरवर एक गुराखी सोडला तर कोणी नव्हतं. त्यांनी छत्री मिटली, वाकले आणि लोंबी चिखलात ठेवत पुटपुटले, "चुकलो." एकोणीस वर्षांत त्यांचे साहेब हा एक शब्द ऐकायला टपून बसले होते आणि तो त्यांना मिळाला नव्हता. तो एका भाताच्या रोपाला मिळाला, या विचाराने टिपणीस परतीच्या वाटेवर स्वतःशीच मोठमोठ्याने भांडत होते.

त्या संध्याकाळी खोपकरने दुसरा सल्ला दिला. नवा भात हवाय ना? मग तो याच शेतातला हवा असं कोणी म्हटलंय? कोकणात हळवं आधी तयार होतं. दुसरीकडून आण आणि दे देवाला.

ही युक्ती टिपणिसांना एकदम पटली. रेकॉर्डमधला कागद सापडला नाही तर दुसऱ्या कचेरीतून नक्कल मागवतात, त्यातलाच प्रकार. त्यांच्या कचेरीतला पट्टेवाला लवू गणपतीला मालवणकडे गावी गेला होता. टिपणिसांनी त्याला तार केली. तारेत लिहिलं: ‘नव्या भाताच्या लोंब्या आणणे. शुक्रवार. अत्यंत निकडीचे.’ तार वाचून लवूच्या घरी, साहेबांच्या घरात कोणाचं तरी काही बरंवाईट झालं असावं, म्हणून चूल थंड राहिली हे नंतर कळलं.

शुक्रवारी सकाळी लवू कचेरीत आला तो रिकाम्या हाताने. पावसामुळे बोट अजून सुरू नव्हती, म्हणून तो एसटीने आला होता आणि हद्दीवरच्या नाक्यावर लोंब्यांची जुडी अडवून रेशनिंगच्या कचेरीत पाठवली होती.

"सायबानू, मी काय करतलंय?" लवू म्हणाला. "ते म्हणाले, धान्य शहरात हाडूक परवानगी होयी. मी म्हटलंय, ह्या धान्य न्हय, देवाचा आसा. तर म्हणाले, देवाचा पत्र दाखय."

ते रेशनिंगचे दिवस होते. तांदूळ बाहेरून आणणं म्हणजे अफू आणण्याच्या खालोखाल. टिपणिसांनी उरलेली अर्धी रजा टाकली आणि लवूला घेऊन रेशनिंगची कचेरी गाठली. तिथे श्यामसुंदर धोंड नावाचे अधिकारी टेबलावर ती जुडी ठेवून तिच्याकडे बघत बसले होते.

"हे काय आहे?" धोंडांनी विचारलं.

"भाताच्या लोंब्या."

"म्हणजे भात. आणि कांडल्यावर?"

"कांडल्यावर तांदूळ. पण कोणी कांडणार नाही."

"कांडणार नाही हे आत्ता तुम्ही म्हणता. खाणार किती माणसं?"

"माणसं नाही. देव."

धोंडांनी फॉर्म पुढे ओढला. "देव रेशनिंगच्या हद्दीत राहतो का?"

"विहार तलावाच्या अलीकडे," टिपणीस म्हणाले. आणि लगेच त्यांना वाटलं, पलीकडे म्हणायला हवं होतं.

"मग त्याचं नाव कुठल्या तरी कार्डावर असायला पाहिजे. कार्डावर नसेल तर त्याला धान्य देता येत नाही, आणि कार्डावर असेल तर त्याने दुकानातून घ्यावं."

टिपणीस स्वतः सरकारी माणूस. या उत्तरात कुठे बोट ठेवायला जागा नाही हे त्यांना दिसत होतं, आणि म्हणूनच ते भयंकर चिडले. अशी उत्तरं ते रोज देत. पण देण्याचं टेबल आणि घेण्याचं टेबल यांत एवढं अंतर असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. शेवटी दारातल्या शिपायाला दया आली. त्याने हळूच सांगितलं, की तोरण शोभेच्या वस्तूंत मोडतं आणि शोभेच्या वस्तूंवर बंदी नाही. जुडी तपासण्याच्या निमित्ताने अंगणात नेली गेली. टिपणीस आणि लवू पायरीवर बसले आणि लोंब्यांचं तोरण गुंफू लागले. टिपणिसांनी आयुष्यात गाठ मारली होती ती फक्त फायलीच्या नाडीची. तोरण फायलीसारखंच झालं. ते पुन्हा त्याच टेबलावर गेलं, धोंडांनी त्याच्याकडे त्याच गंभीर चेहऱ्याने पाहिलं, ‘शोभेची वस्तू, एक’ असं लिहिलं आणि शिक्का मारला. तोवर चार वाजले होते.

शनिवारी सकाळी नऊला तोरण पाड्यावर पोचलं. टिपणीस धापा टाकत म्हणाले, "हा घ्या नवा. आता दाखवा देवाला आणि काढा तारपा खाली."

मालनने तोरण दोन्ही हातांत घेतलं, कपाळाला लावलं आणि दाराच्या चौकटीला बांधलं. टिपणिसांना वाटलं, जिंकलो.

"कुठला?" तिने विचारलं.

"मालवणकडचा."

"चांगला हाय. तिथली कणसरी नाचून झाली असंल." ती ओट्यावर टेकली. "आमची अजून दुधात हाय. पोटुशीला नाचाया लावतात का?"

"अहो, पण एका दिवसाने, चार दिवसांनी काय बिघडतं?"

आता काशीराम बोलला. "तारपा वाजला का पोरां रात-रात नाचतात. मंग राखण कोन करील? डुकरां शेतात शिरतात. पाखरांनी त्यांचा खाल्ला, डुकरांपासून वाचला, पिकला, तिला दावला, मंग आमी खातो. मंग तारपा." त्याने हात शेताकडे केला. "तुझ्या हाफिसात तारीख तू टाकतस. हितं ती टाकते."

"पण मी शब्द दिलाय." टिपणिसांचा आवाज चिरकला. तो रागाने चिरकला असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

"आमी पन दिला," काशीराम म्हणाला. "नवा झाला का येतो. सांगितला ना तुला."

मामलेदार पावणेसहाला आले. आवारात खुर्च्या भरल्या होत्या, मुलं पुढे सतरंजीवर, बायका गॅलऱ्यांतून. टिपणीस रंगमंचामागे गेले आणि जागच्या जागी खिळले. तिथे ठोसरांच्या मेव्हण्यासह चार धडधाकट कारकून उघड्या अंगाने उभे होते. तोंडाला काजळ, डोक्यात कोंबडीची पिसं, कमरेला आंब्याच्या डहाळ्या. एकाच्या हातात खराखुरा भोपळा होता, संध्याकाळच्या भाजीसाठी आणलेला.

"मला कालच कळलं तुमचं होत नाही ते," ठोसर म्हणाले. "म्हणून सोय केली. हे हू हू करून पाच मिनिटं उड्या मारतील. मेव्हणा पेटी वाजवील. तुमचा शब्द राहिला, मंडळाची अब्रू राहिली."

हा क्षण टिपणिसांना फार अवघड गेला, हे लपवण्यात अर्थ नाही. पाच मिनिटं. बाहेर कोणालाही कळलं नसतं. सोमवारी फाटकापाशी ती हाक पुन्हा आली असती. त्यांनी त्या पिसांकडे पाहिलं. पाड्यावर ते पंधरा दिवसांत पाच-सहा वेळा जाऊन आले होते. तिथे एकाच्याही डोक्यात पीस नव्हतं, कोणी हू हू करत नव्हतं. आंब्याच्या ज्या डहाळ्या या गृहस्थांनी कमरेला खोवल्या होत्या त्या सहनिवासाच्या एकुलत्या एक कलमाच्या होत्या, तेही कलम ओरबाडून बोडकं केलेलं.

"हे स्टेजवर जाणार नाहीत," ते म्हणाले.

"अहो, लोकांना काय कळतंय?"

"मला कळतंय," टिपणीस म्हणाले आणि पडद्यापुढे गेले.

तीनशे माणसांसमोर काय बोलायचं याचा त्यांनी विचार केला नव्हता. "भात," ते म्हणाले, आणि घसा साफ केला. "भात अजून पिकलेलं नाही. त्यामुळे आजचा तारपा होणार नाही."

मागून कोणीतरी शांतपणे म्हणालं, "मग पोळी वाढा." त्यानंतर जे हसू उसळलं ते गॅलऱ्यांपर्यंत गेलं. मामलेदारांनी प्रसंग सावरण्यासाठी जमीन महसुलावर एक तास दहा मिनिटं भाषण केलं, आणि त्या सबंध वेळात टिपणीस स्टेजवर त्यांच्या शेजारी बसून होते. उठून जाता येत नव्हतं, कारण आभार त्यांनाच मानायचे होते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना ‘भातवाले’ म्हणू लागले. दूधवाला तोंडावर म्हणत नसे, पण मापाकडे बघून हसे. फाटकापाशी पोस्टमन नुसता पत्र द्यायचा. ठोसरांनी विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस लावली. विषय एक: सेक्रेटरींचा राजीनामा. तारीख दसऱ्याच्या आधीचा रविवार, वेळ चार. टिपणिसांनी राजीनामा तीन प्रतींत लिहिला आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. ठोसरांनी मागितल्यावरच द्यायचा, आधी नाही, असं ठरवलं. मोठेपणाने देण्याची इच्छा होती, पण पिसं आठवली की ती इच्छा मावळे.

सभेला गणेशोत्सवापेक्षा जास्त गर्दी झाली. ठोसर अध्यक्षस्थानी. त्यांनी वीस मिनिटं प्रास्ताविक केलं, त्यात ‘फसवणूक’ हा शब्द चार वेळा आला. टिपणीस समोरच्या खुर्चीत ताठ बसून मोजत होते. पाचव्या वेळी उठून हरकत घ्यायची असा त्यांचा बेत होता.

पाचवी वेळ आलीच नाही. रस्त्याच्या बाजूने एक आवाज येऊ लागला. गोठ्यातून म्हैस रेकावी तसा खोल, पण न थांबणारा, आणि त्यावर आणखी एक सूर चढत-उतरत जाणारा. टिपणिसांनी तो कधी ऐकला नव्हता आणि तरी त्यांना तो कशाचा आहे हे ताबडतोब कळलं. आता येतात, त्यांनी मनात म्हटलं, आता, तीन आठवडे उशिरा, हे असं वागणं. पण डोळे भरायचे ते भरलेच.

फाटकातून काशीराम आत आला, तारपा तोंडाला. त्याच्या मागे वीसपंचवीस बाया-पुरुष, नेहमीच्याच कपड्यांत, फक्त धुतलेल्या. मालनच्या हातात पानाने झाकलेली टोपली होती. ती सरळ टिपणिसांच्या खुर्चीपाशी आली आणि त्यांच्या तळहातावर चार घास भात ठेवला. नव्या तांदळाचा चिकट, गोड वासाचा.

"सकाळी झाला," ती म्हणाली. "तिला दावला. मंग आमी खाल्ला. मंग हिकडं निघालो."

"अहो, इथे सभा चालू आहे," ठोसर म्हणाले.

कोणी लक्ष दिलं नाही. काशीराम आवाराच्या मधोमध उभा राहिला आणि त्याच्याभोवती साखळी फिरू लागली. शेजारच्याच्या कमरेभोवती हात, पावलं आत-बाहेर, तोंड सतत तारप्याकडे. तारप्याला पाठ दाखवत नाहीत, हे मालनने पहिल्या रांगेतल्या बायकांना सांगितलं आणि त्यांच्यातल्या दोघींना हाताला धरून उठवलं. दोघींच्या चौघी झाल्या. जयंतीबाई गॅलरीतून खाली आल्या त्या पदर खोचतच. खोपकर "झकास रे," म्हणत घुसला आणि पहिल्याच फेरीत एका आजोबांच्या पायावर उभा राहिला. मुलं तर आधीच आत होती. थोड्या वेळात खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि साखळी आवाराच्या भिंतीला टेकली.

ठोसर टेबलावर हात आपटत होते. "सभा तहकूब झालेली नाही. मी प्रस्ताव मताला टाकतो. सेक्रेटरींनी राजीनामा द्यावा, बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत."

एकही हात वर आला नाही. येणार कसा? सगळ्या सभासदांचे सगळे हात एकमेकांच्या कमरेभोवती होते. ठोसरांचा स्वतःचा हात तेवढा वर होता, आणि तो ते बराच वेळ तसाच धरून उभे राहिले.

टिपणीस खुर्चीतच होते. भात संपवून त्यांनी तळहात पुसला आणि रागाने उठले. कामकाजाची काही पद्धत असते. मतदान चालू असताना सभासदांनी नाचणं नियमबाह्य आहे, हे त्यांना सांगितलंच पाहिजे, मग निर्णय आपल्याविरुद्ध लागला तरी चालेल. ते तावातावाने साखळीपाशी गेले आणि म्हणाले, "मंडळी, जागेवर बसा." त्याच वेळी साखळी त्यांच्यापाशी उघडली. एका बाजूने मालनचा हात आला, दुसऱ्या बाजूने लवूचा. तो रविवारचा साहेबांना भेटायला आला होता आणि तारपा ऐकून आत घुसला होता. साखळी मिटली आणि टिपणिसांचे पाय, त्यांना न विचारता, आत-बाहेर पडू लागले.

ठोसर टेबलामागून निघाले. त्यांनी टिपणिसांना गाठलं आणि आतल्या बाजूने, उलटे चालत, हात पुढे करून त्यांच्या बरोबरीने फिरू लागले.

"टिपणीस, राजीनामा."

टिपणीस पावलं सांभाळत होते. श्वास पुरत नव्हता.

"टिपणीस, खिशात आहे तो. मी पाहिलाय. द्या इकडे."

"देतो की," टिपणीस संतापून म्हणाले. "तुम्हाला दिसत नाही का, हात मोकळे नाहीत."

"मग कधी देणार?"

टिपणिसांनी मान वळवून काशीरामला विचारलं, हे किती वेळ चालतं. काशीरामने तारपा तोंडातून न काढता नुसतं कपाळ उचलून टेकडीकडे, जिथून सूर्य उगवतो तिकडे दाखवलं. मग त्याने सूर बदलला, साखळीने दिशा बदलली, आणि ठोसरांना हात तसाच पुढे धरून उलट्या बाजूने चालावं लागलं.